शुगरवाल्या आजी-आजोबांसाठी मंडळाचं आवाहन, यावेळी नुसते अंगठे नकोत

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाने काय काय केलं ते नव्याने सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण ज्यांनी केलं त्यांचं नाव पुढे करायला त्यांना आवडत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये डबे गेले ते इतवारीतल्या धान्यवाल्या काकांमुळे, तूरडाळीचे कट्टे पाठवले आणि बिल मागितलं तर उलट आमच्यावरच रागावले. शुगर तपासणीच्या शिबिराला महालच्या काकूंनी घरचा हॉल दिला, पंखे दिले, वर सगळ्यांना बिनसाखरेचा चहा. आणि आपल्या आहारतज्ज्ञ ताई, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून रिटायर झाल्या तरी भर उन्हात येतात, ऑटोचं भाडंही घेत नाहीत जी.

पण शिबिरात आकडा काढून कागद हातात दिला, पुढे घरी काय शिजते ते कोण पाहते? दात गेले म्हणून आजी चहात टोस्ट बुडवून दिवस काढते, शुगर वाढली की सून भात बंद करते आणि "गूळ चालते नं" म्हणून गुळाचा चहा सुरू, गुळानेही शुगर चढतेच. दुसरीकडे आजोबा एकादशी धरतात, गोळी मात्र रोजच्यासारखी, मग दुपारी घाम, थरथर, बरळणं, आणि घरचे म्हणतात वय झालं. वय नाही, शुगर उतरलेली असते. 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायची, मग जेवू घालायचं. हे किती घरात माहीत आहे?

म्हणून वस्तीतल्याच 20 बायकांना शिकवायचं ठरलं. "हे खाऊ नका" ची यादी वाचून दाखवायला त्या जाणार नाहीत, चुलीजवळ बसून ताट लावून दाखवणार. अर्धं ताट भाजी, पाव भाग वरण-उसळ किंवा अंडं, पाव भाग भाकर नाहीतर भात. दात नसतील तर मऊ मुगाचं वरण, शिजवलेली अंबाडी, भाकर दुधात-ताकात कुस्करून. पारा 45 ला गेला की उसाच्या रसाऐवजी मठ्ठा. गोळ्या-इन्सुलिनचा डोस आपल्या मनाने बदलायचा नाही, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, हे पहिल्याच दिवशी पक्कं करणार.

मागच्या आवाहनाला अंगठे आणि हात जोडलेले फोटो भरपूर आले, पैसे मोजक्याच घरून. डीजेची वर्गणी एका संध्याकाळी होते बाप्पा, मग यालाच काहून हात आखडतो? राग मानू नका, पण लागलं ते लागलं.

खर्च : एका बाईमागे 1500 (पुस्तिका, मोजायच्या वाट्या-चमचे, बसभाडं, नाश्ता), शिवाय चार ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स, स्ट्रिप्स देणाऱ्यांनी एक्सपायरी पाहूनच द्याव्या. रोख खजिनदारांकडे किंवा मंडळाच्या खात्यात, पावती मिळेल. चार रविवार, सकाळी 11, समाजभवन, सुरुवात येत्या रविवारी. शिकायचं असेल तर नाव शनिवारपर्यंत द्या, पुरुषही चालतील. सतरंज्या आहेत, प्रोजेक्टर नाही, कोणाकडे असला तर कळवा.

आपला,
सचिव