समुपदेशकाकडे कोण गेले, हे मालकाला कळता कामा नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामगारांच्या आरोग्याचा विषय निघाला की कारखान्यात शिबिर लागते. वजन, रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर, शेवटी पाहुण्यांचा सत्कार. त्याला नावे ठेवायची नाहीत. पण फाउंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, साचे घडवणारा चांगला मोल्डर महिन्यातून चार दिवस दांडी का मारतो, हे तिथे कळत नाही. कारण फायनान्सच्या हप्त्यात असते, दारूत असते, घरच्या भांडणात असते, नाहीतर उडालेल्या झोपेत. त्यासाठी कर्मचारी साहाय्य योजना, म्हणजे ईएपी, असते. पैसे मालकाने भरायचे आणि बाहेरच्या समुपदेशकाने कामगाराला व त्याच्या घरच्यांना मोफत सल्ला द्यायचा. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या औद्योगिक भागांतल्या पन्नास-शंभर माणसांच्या युनिटांना ती चैन वाटते. 1948 च्या कारखाना कायद्यानेही कल्याण अधिकाऱ्याची सक्ती केली होती ती 500 कामगारांपासून पुढे.

मालकाने आधी हिशेब मांडावा. एक माणूस आला नाही की दुसऱ्याला थांबवायचे आणि त्याला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यायचा. सलग दोन पाळ्या झाल्या की साच्यात चुका होतात, रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढते. सहा महिन्यांची गैरहजेरी, ओव्हरटाइम, रिजेक्शन आणि उचल हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर योजनेचा खर्च परवडतो की नाही ते दिसेल.

मात्र योजना घेतली आणि कोणी फिरकलेच नाही, असेही पुष्कळदा होते. कारण बहुतेक वेळा एकच: एचआरने सहज विचारलेले असते, 'या महिन्यात कोण कोण गेले?' ही गोष्ट चहाच्या सुट्टीत पसरते आणि योजना तिथेच संपते. म्हणून समुपदेशकाची खोली कारखान्याच्या आवारात नको. नोंदी त्याच्याकडेच राहाव्यात, अहवालात फक्त एकूण आकडे असावेत. चाळीस जणांच्या युनिटमध्ये तेवढेही धोक्याचे ठरते. 'दारूसाठी एक' असे लिहिले की नाव न घेता सगळ्यांना कळते. त्यामुळे आठ-दहा युनिटांनी उद्योजक संघटनेमार्फत एकच करार करून अहवालही एकत्रच घ्यावा. जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडावी लागते, हे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत साध्या मराठीत सांगायला हवे.

करारात आणखी एक मेख असते. भेटीमागे पैसे ठरले तर बिल वाढताच मालक हात आखडता घेतो. डोईमागे वार्षिक रक्कम ठरली तर कोणी आलेच नाही यातच समुपदेशन पुरवणाऱ्या संस्थेचा फायदा. आमच्या मते डोईमागे दर बरा, पण प्रत्येक पाळीला जाऊन माहिती देणे, रात्रपाळीसाठी फोन आणि एका अडचणीसाठी किमान पाच-सहा भेटी हे करारात लिहून घ्यावे. फोन नंबर ओळखपत्राच्या मागे छापावा. हजेरी यंत्राशेजारच्या फलकावरून चारचौघांत नंबर टिपून घ्यायला कोणी धजत नाही.

दारूबद्दल सुपरवायझरला नीट शिकवणे गरजेचे आहे. रोज पिणाऱ्याला दम भरून 'उद्यापासून बंद' करायला लावणे घातक असते. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. असा माणूस 1400 अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडाच्या रसाच्या लॅडलजवळ (रस ओतायच्या भांड्याजवळ) उभा असला तर काय होईल, ते सांगायला नको. हात थरथरताना दिसले की त्याला भट्टीवरून बाजूला घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. उपचारानंतर काही आठवडे स्टोअर किंवा तपासणीचे काम द्यावे, पगार मात्र कापू नये. पिऊन कामावर आला तर शिस्तीची कारवाई जरूर व्हावी. समुपदेशन ही शिक्षेतून पळवाट नाही, पण समुपदेशकाला बोललेले चौकशीत वापरायचेही नाही.

पदरमोड न करता मिळणाऱ्या सोयीही वापरल्या जात नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून चोवीस तास चालू आहे. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून, मानसिक आजारावरही उपचार मिळतात. वर्गणीचे दिवस पुरेसे भरले असतील आणि डॉक्टरांचा दाखला असेल तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगारही मिळतो. हे फॉर्म भरून देणे हेही ईएपीचेच काम आहे.

राहता राहिली ठेकेदाराची माणसे. सर्वांत अवघड, तापलेले काम बऱ्याचदा तीच करतात आणि करारातून तीच वगळली जातात. डोकी मोजताना ती धरावीत. त्यांच्यातले अनेक जण बिहार, ओडिशातून आलेले असतात, म्हणून हिंदीत बोलणारा समुपदेशकही लागेल. उद्योजक संघटनांनी नमुना करार तयार करताना या दोन अटी आधी घालाव्यात.

आपले,
औद्योगिक समुपदेशन क्षेत्रातील कार्यकर्ते, कोल्हापूर