शाबासकी नको, अभिप्राय हवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आंतरजालावरच्या लेखनगटांत नुसते ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ चालते, अशी तक्रार लिहिणाऱ्यांकडून आणि न लिहिणाऱ्यांकडूनही वरचेवर ऐकू येते. अशाच एका गटाची मी दोन वर्षांपासून सदस्य आहे. ती तक्रार निम्मी खरी आहे, हे मान्य करून उरलेल्या निम्म्याबद्दल लिहीत आहे.

माझी पहिली कथा मी गटावर टाकली, ती सुमारे २,५०० शब्दांची होती. दुसऱ्याच मिनिटाला ‘अप्रतिम!’ आले, पाठोपाठ ‘डोळे पाणावले’ आणि मग टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. एवढा मजकूर वाचायला भरभर वाचणाऱ्यालाही दहा मिनिटे लागतात, हा साधा हिशेब त्या रात्री मला सुचला नाही, कारण माझे पाय जमिनीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र एका सदस्याने दोनच ओळी लिहिल्या: ‘पहिल्या पानावर आजीला समोरचा माणूस ओळखू येत नाही आणि चौथ्या पानावर ती दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवते. नक्की काय समजायचे?’ ती कथा मी स्वतः निदान दहा वेळा वाचली होती आणि एकदाही हे मला खटकले नव्हते. आजी माझ्या डोळ्यांसमोर होती, कागदावर नव्हती.

मी तावातावाने खुलासा लिहायला बसले. हाताला असलेली सवय, ओठांनी ओला केलेला दोरा, अंदाजाने चाचपलेले सुईचे नाक, असे सगळे लिहिता लिहिता तीन परिच्छेद झाले, आणि तेव्हा लक्षात आले की हे तीन परिच्छेद मुळात कथेत असायला हवे होते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन-कार्यशाळेमुळे रूढ झालेल्या पद्धतीत, ज्याच्या लेखनावर चर्चा चालू असते त्याने चर्चा संपेपर्यंत अवाक्षर काढायचे नसते. या नियमावर अलीकडे बरीच टीका झाली आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही, कारण ज्याच्या कथेतले जगच वाचणाऱ्यांना अनोळखी आहे, त्याला गप्प बसवले तर चर्चा भलतीकडे भरकटते. तरीही पहिला एक दिवस मौन पाळावे, असे मी अनुभवाने म्हणेन. समोरासमोर बसलेला माणूस थोडा तरी संकोचतो; पडद्याआड प्रत्युत्तर द्यायला बोटे शिवशिवत असतात.

पोकळ कौतुकाचा दोष आपण वाचणाऱ्यांवर टाकतो, पण ‘कशी वाटली?’ असे विचारले की ‘छान’ याखेरीज दुसरे उत्तर येणार तरी काय? पुढच्या वेळी मी विचारले, ‘वाचताना कंटाळा कुठे आला? नेमके वाक्य सांगा.’ त्या वेळी प्रतिक्रिया चारच आल्या, पण त्यांतल्या तिघांनी एकाच वाक्यावर बोट ठेवले होते. दुरुस्ती काय करावी, यावर मात्र तिघांची तीन मते होती आणि तिन्ही मला पटली नाहीत. दुखते कुठे हे वाचणाऱ्याला अचूक कळते. औषध लेखकानेच शोधायचे. दुसऱ्यांचे लेखन न वाचता स्वतःचे तेवढे टाकून जाणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, गटात त्यांना सगळेच ओळखून असतात.

लेखन चोरीला जाईल, या धास्तीने काही जण गटांपासून लांब राहतात. लेखकांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत लेखन शब्दबद्ध होताच त्याचा स्वामित्वहक्क लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. मात्र हे संरक्षण शब्दांतल्या मांडणीला आहे, नुसत्या कल्पनेला नाही. मला त्याहून मोठा धोका वेगळाच वाटतो. अनेक नियतकालिके आणि स्पर्धा अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि कुणालाही उघडून वाचता येईल अशा ठिकाणी टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित ठरू शकते. म्हणून सदस्यांपुरत्या बंद असलेल्या गटातच कच्चा खर्डा दाखवावा, आणि कथा कुठे पाठवण्याआधी तिथली अट शब्दन् शब्द वाचावी.

माझ्या कथेतली आजी आता नातवाला हाक मारते, त्याने सुईत दोरा ओवून दिल्यावर गाठ मात्र स्वतः मारते. बदललेली कथा मी गेल्या महिन्यात एका मासिकाकडे पाठवली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक