आधी प्रत माझ्या हातात ठेवणाऱ्या त्या तरुणास

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापू नये, असे मी निघताना आपण सांगितले होते, म्हणून ते येथे लिहीत नाही. बेळगावातल्या आपल्या छोट्या दुकानापर्यंत हे पत्र कुणी ना कुणी पोहोचवील, याची मला खात्री आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवले, आणि त्या काळात गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी आणि भात लावताना म्हणायची गीते उतरवून घेतली. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आता नाहीत. ज्या वह्यांत ती गाणी होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात भिजून शाईसकट वाहून गेल्या. उरले होते ते संगणकावर टाइप केलेले, पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये पानापानाने लावलेले पुस्तक. म्हणून ज्या दिवशी त्या फाइलींवर दोनदा क्लिक केल्यावर पेजमेकरऐवजी हिशेबाचे तक्ते करणारा एक अनोळखी प्रोग्रॅम उघडला आणि ही फाइल वाचता येत नाही असे सांगून गप्प झाला, त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला.

हे कशामुळे घडले, ते आपण पुढे अगदी थोडक्यात सांगितलेत. आधी ज्या दुकानात संगणक सफाईसाठी दिला होता, तेथे कुणीतरी न विचारता ऑफिसच्या कामाच्या प्रोग्रॅमांचा एक फुकटचा संच टाकला होता. त्या संचातल्या तक्त्यांच्या प्रोग्रॅमच्या फाइलींची नावेही पेजमेकर 7.0 च्या फाइलींसारखीच ‘पीएमडी’ या तीन अक्षरांनी संपतात. फाइलीच्या आत काय आहे, हे विंडोज पाहत बसत नाही. नावाच्या शेवटची अक्षरे पाहून ती कोणत्या प्रोग्रॅमच्या हवाली करायची, एवढेच ठरवते. नव्याने आलेल्या प्रोग्रॅमने त्या अक्षरांवर हक्क सांगितला आणि माझे सगळे पुस्तक त्याच्या दारात जाऊन उभे राहू लागले. ती अक्षरेसुद्धा विंडोज सहसा लपवूनच ठेवते, त्यामुळे पडद्यावर नुसती नावे पाहून मला काही कळण्याची सोयच नव्हती.

ज्यांनी हा घोळ केला, त्यांच्याकडे मी आधी गेले. फाइलींत व्हायरस शिरला आहे, संगणक फॉरमॅट करावा लागेल, असे त्यांनी खुर्चीवरून न उठता सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी, फाइली खराब झाल्या आहेत, पुन्हा टाइप करून घ्या, असा सल्ला मिळाला. कुणाकडून पुन्हा टाइप करून घ्यायचे? ज्यांच्या तोंडून ऐकून लिहायचे, त्या स्वर्गवासी झाल्या, आणि ज्यातून पाहून लिहायचे, त्या वह्या मलप्रभा नदीने नेल्या. ‘फॉरमॅट’ हा शब्द उच्चारताना त्या माणसाने काय पुसले जाईल, याची साधी चौकशीही केली नाही. पेजमेकर 7.0 हा 2001 सालचा प्रोग्रॅम. त्यानंतर त्याची मोठी नवी आवृत्ती निघालीच नाही. माझा मजकूर जुन्या मराठी फॉन्टांत बसवलेला आहे, आणि ते फॉन्ट नसतील, तर त्याच ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणजे फॉरमॅट करताना फाइली शाबूत राहिल्या असत्या, तरी त्या उघडणारे आणि दाखवणारे सगळे गेलेच असते. बिघाड समजून घेण्याचे कष्ट नकोत म्हणून समोरच्याचे सगळे पुसून टाकण्याचा सल्ला देणे, याला मी अज्ञान म्हणणार नाही; ती बेपर्वाई आहे, आणि तिचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आता आपल्याविषयी. मी घाईघाईने सगळी हकीकत सांगत होते, तेव्हा आपण मध्येच हलकेच विचारलेत, “बाई, ह्यातलं जाऊ नये असं काय आहे, ते आधी दाखवा.” मी फोल्डर दाखवला. आपण खणातून एक पेनड्राइव्ह काढलात, तो सगळा फोल्डर त्यावर उतरवलात, प्रती पूर्ण झाल्याची खात्री करून घेतलीत आणि तो माझ्या हातावर ठेवून म्हणालात, “हे पर्समध्ये ठेवा. मग मी हात लावतो.” बाकीचे मी विसरले तरी एवढे विसरणार नाही. तोवर प्रत्येकाने माझ्या कामावर सरळ हात टाकला होता. ते काम माझे आहे आणि त्याला हात लावण्यापूर्वी मला निर्धास्त करायला हवे, हे एकट्या आपल्याला सुचले. पेनड्राइव्ह मुठीत धरून मी खुर्चीवर बसले, तेव्हा कित्येक दिवसांनी माझा श्वास सरळ चालू झाला.

त्यानंतर, त्या चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून कुणी ‘सेव्ह’ तर केले नाही ना, हे आपण पाहिलेत. खरा धोका तेथे होता, हे मला तेव्हाच समजले. कारण भलत्याच प्रोग्रॅमने जतन केलेल्या फाइलीची मूळ बांधणी पुसली जाऊ शकते. आपण पडदा माझ्याकडे वळवून प्रत्येक फाइलीपुढची शेवटच्या बदलाची तारीख बोटाने दाखवत गेलात. सगळ्या तारखा जुन्या, मी स्वतः शेवटचा हात फिरवला त्याच होत्या. “कोणी शिवलेलंच नाही बाई, सगळं आहे तसं आहे,” असे आपण म्हणालात. प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र मी चष्मा पुसेपर्यंत झाली होती. या फाइली यापुढे नेहमी पेजमेकरनेच उघडायच्या, एवढे आपण संगणकाला सांगितलेत आणि पहिले पान समोर आले, काना-मात्रांसकट.

त्यातल्या भावाबहिणीच्या ओव्या मी आपल्याला वाचून दाखवल्या. आपल्या घरची भाषा कन्नड. आपण ऐकून घेतलेत आणि आपल्या आजीही जात्यावर अशीच पदे म्हणत, असे सांगितलेत. आमच्या या सीमाभागात भाषेवरून किती वर्षे काय काय झाले, ते आपणा दोघांनाही ठाऊक आहे. त्याचे न्याय-अन्याय मी विसरत नाही आणि विसरा असे कुणाला सांगणारही नाही. पण समोरच्याची वस्तू आपली नाही, याचे भान ठेवून तिला हात लावणारी माणसे येथे दोन्ही घरांत आहेत, हेही मी आयुष्यभर पाहत आले आहे. शाळेत असताना मी मुलांना दुसऱ्याची पाटी विचारल्याशिवाय उचलू देत नसे. ती शिस्त मोठेपणी हातात मुरलेला माणूस भेटला, याचे मला फार समाधान वाटले.

पुस्तकाची पाने आता छापखान्यात गेली आहेत. जाण्यापूर्वी प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ करून घेतली, आपण बजावल्याप्रमाणे फॉन्टही तिच्यातच बसवून घेतले आणि एक प्रत मुलीकडे ठेवायला दिली. ऋणनिर्देशाचे पान मी मुद्दाम शेवटी लावायचे ठेवले आहे. तेथे आपले नाव घालू देण्यास आपण नको म्हणालात, तरी कृपया पुन्हा एकदा विचार करावा, ही विनंती. पान छापायला जाण्यापूर्वी निरोप धाडलात, तरी चालेल. आपला पेनड्राइव्ह माझ्याकडेच आहे. तो पुस्तकासोबत परत करायला मी स्वतः येईन.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका