ओके आलं, काका

तीर्थस्वरूप काका,

सा. न. वि. वि.

पत्र असं चव्हाट्यावर लिहितोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. २००३ च्या मे महिन्यात तुमची बदली झाली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा मी परीक्षेला बसलो होतो. घरी आलो तर वरच्या मजल्याला कुलूप. आईने सांगितलं, "काका विचारत होते तुझं. मोडेम राहू दे म्हणाले." (मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारं यंत्र.) सांगलीतल्या विश्रामबागेतलं ते घरही आता पडलं, तिथे चार मजली इमारत आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या काळात बँकेच्या शाखांमधून एससीओ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची मशिनं सांभाळणाऱ्या, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर ठेवणाऱ्या गृहस्थांना ओळखत असेल, तर हे पत्र त्यांना दाखवावं.

आत्ताच का लिहितोय ते सांगतो. मी भोसरीत एका छोट्या कंपनीत काम करतो. शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करायची पेटी आम्ही बनवतो. गेल्या महिन्यात एका नव्या बोर्डावरचा फोर-जी मोडेम काही केल्या नेटवर्क धरेना. तीन पोरं दोन दिवस त्यामागे होती. सॉफ्टवेअर बदलून झालं, अँटेना बदलून झाली, सिमकार्ड तर चार वेळा. मी मिनिकॉम, म्हणजे मोडेमशी थेट अक्षरांत बोलायचा प्रोग्राम, उघडला, एटी टाइप केलं, एंटर मारला. ओके आलं. मग सिग्नलची ताकद विचारली, ती चांगली होती. मग सिमबद्दल विचारलं, तर ते पिन मागत होतं. पाच मिनिटांत प्रकरण संपलं. पोरं म्हणाली, "सर, हे कुठे शिकलात?" मी "एका काकांकडे" एवढंच म्हणालो आणि दिवसभर मला तुमचीच आठवण येत राहिली.

तुमच्या लक्षात असेल-नसेल, म्हणून सगळं लिहितो.

२००२ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्स या विंडोजला पर्याय असलेल्या सिस्टिमच्या सीडी यायच्या, त्यातून ते वेड लागलं होतं. मग मित्राकडून रेड हॅट ७.२ या लिनक्सच्या सीडी कॉपी करून आणल्या आणि विंडोज ९८ शेजारी लिनक्स टाकलं. स्क्रीन दिसली, माउस हलला, गाणीही वाजली. इंटरनेट मात्र नाही. केपीपीपी नावाची सुबक खिडकी उघडायची, त्यात नंबर, नाव, पासवर्ड भरायचा, कनेक्ट दाबायचं, की मोडेम सापडत नाही म्हणून हात वर. विंडोजमध्ये तोच मोडेम कुरकुरत का होईना लागायचा. म्हणजे उपाय शोधायला विंडोजमध्ये जायचं, पानं सेव्ह करायची, मशीन रीस्टार्ट करून लिनक्समध्ये यायचं, सी ड्राइव्ह माउंट करून ती पानं वाचायची, करून बघायचं, फसायचं, पुन्हा विंडोज. एका रात्रीत अकरा वेळा रीस्टार्ट केल्याचं आठवतं. सकाळी वडील म्हणाले, "मिक्सर घेतला असता तर निदान चटणी तरी झाली असती."

जिन्यात तुम्ही भेटलात आणि मी रडगाणं गायलो. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "मोडेम तुझ्याशी बोलला का?" मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही म्हणालात, "अरे, ती खिडकी म्हणजे मध्यस्थ. लग्न मोडलं की मध्यस्थ काहीही कारण सांगतो. त्याला बाजूला बसव आणि मुलीच्या बापाशी सरळ बोल."

संध्याकाळी तुम्ही माझी केस उघडलीत. आतलं कार्ड बाहेर काढून उजेडात धरलंत आणि म्हणालात, "याच्यावर आहेच काय?" मला वाटलं होतं मोडेम म्हणजे मोडेम. ते साडेसातशे रुपयांचं कार्ड विनमोडेम होतं, हे मला तेव्हा कळलं. विकणाऱ्याने पावतीवर नुसतं "५६के इंटर्नल" लिहिलं होतं. खऱ्या मोडेमला स्वतःचं डोकं असतं. आवाजाचे आकडे करणं, आकड्यांचा आवाज करणं, चुका दुरुस्त करणं हे त्याच्यातली चिप करते आणि कॉम्प्युटरला फक्त अक्षरं देते. विनमोडेममध्ये यातलं काही ना काही काम करणारा भागच नसतो. ती हमाली कॉम्प्युटरच्या प्रोसेसरने करायची, आणि ती कशी करायची ते कंपनीने विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये कुलूपबंद करून ठेवलेलं. लिनक्सवाल्यांना किल्ली नाही. म्हणून तेच कार्ड एकीकडे जिवंत आणि दुसरीकडे नुसता पत्रा.

आणि मग तुम्ही वर जाऊन तुमचा बाहेरचा मोडेम घेऊन आलात. करड्या रंगाचा, पुढे लाल दिव्यांची रांग. सोबत जाड केबल, एका टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला नऊ. अडॅप्टरवर तुमच्या अक्षरातली चिकटपट्टी होती: "एसी. डीसी लावू नये." (ती अजून आहे.)

मिनिकॉम सीडीवर होता, तो टाकला. एटीझेड, म्हणजे मोडेमला पूर्वस्थितीला आणायची आज्ञा, टाइप केलं. काही नाही. अक्षरंसुद्धा उमटेनात. मी निराश झालो. तुम्ही मोडेमकडे बघत होतात, स्क्रीनकडे नाही. "टाइप कर," म्हणालात, "एसडीचा दिवा बघ. तू बोललास की तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नाहीये. म्हणजे तू दुसऱ्याच दारावर थापा मारतोयस." खरंच होतं. माझा माउस सीरियल होता आणि तो पहिल्या पोर्टवर बसला होता. लिनक्समध्ये पहिला पोर्ट टीटीवायएस०, दुसरा टीटीवायएस१. मी माउसला एटीझेड पाठवत होतो! शून्याचं एक केलं. एसडी लुकलुकला, लगेच उत्तराचा दिवा आरडी लुकलुकला, आणि काळ्या स्क्रीनवर ओके ही दोन अक्षरं आली.

त्या ओकेचा आनंद मला नंतर पहिल्या पगारालाही झाला नाही. अतिशयोक्ती वाटेल, पण मोडेमवाले समजतील.

मग तुम्ही खुर्चीत मागे टेकून सांगितलंत, की एटी म्हणजे अटेन्शन, सावधान. १९८१ साली हेज कंपनीने स्मार्टमोडेम काढला तेव्हापासून जगातले बहुतेक मोडेम याच हुकमाला उभे राहतात. तुमच्या शाखेत एससीओ युनिक्सवर तुम्ही मिनिकॉमऐवजी सीयू वापरायचात. तिथे म्हणे एकाच पोर्टला दोन नावं, शेवटी छोटा ए लावला तर मोडेमच्या दिव्यांकडे लक्ष नाही, मोठा ए लावला तर लक्ष आहे, आणि या एका अक्षरापायी तुम्ही एकदा रात्री दहापर्यंत शाखेत अडकला होतात. बाहेर कॅशियर डे-एंड व्हायची वाट बघत बसलेला.

पुढचं संकट डायलटोनचं. एटीडीटी, म्हणजे नंबर फिरवायची आज्ञा, आणि नंबर दिला की दोन सेकंदांत उत्तर, "नो डायलटोन". रिसीव्हर उचलला तर टोन ठणठणीत. तुम्ही म्हणालात, "हा परदेशातला पाहुणा. त्याच्या गावचा टोन वेगळा, आपला वेगळा. आपला जरा घुरघुरतो, म्हणून त्याला तो टोन वाटतच नाही." आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने थरथरणारा, अमेरिकेतला ३५० आणि ४४० या दोन सुरांचा, हे मी पुढे वाचलं. उपाय तुम्हाला तोंडपाठ होता: एटीएक्स३. टोनची वाट न बघता नंबर फिरव, पण लाइन बिझी असेल तर मात्र सांग.

नंबर फिरला. पलीकडून तो लांबलचक टूं आला. मी कानावर हात ठेवायच्या बेतात होतो, तुम्ही बोट वर करून थांबवलंत. "ऐक. हा २१०० हर्ट्झचा सूर आपल्यासाठी नाही. तो एक्सचेंजला सांगतोय की आता माणसं बोलणार नाहीत, तुमची प्रतिध्वनी मारायची यंत्रं बंद ठेवा." त्यानंतरची खरखर तुम्ही डोळे मिटून ऐकलीत, लोक बैठकीत आलाप ऐकतात तशी. सीडीचा, म्हणजे पलीकडचा मोडेम जोडला गेल्याचा, दिवा लागला. "कनेक्ट ३१२००". तुम्ही म्हणालात, "लाइनच्या मानाने बरं आहे."

दोन-तीनदा एंटर मारल्यावर स्क्रीनवर नागमोडी रेघा, महिरपी कंस, उद्गारचिन्हं असा कचरा ओसंडायला लागला. मी घाबरून बंद करायला निघालो, तर तुम्ही हसलात. "बिघडलं नाही रे, तो पीपीपीत, इंटरनेट जोडायच्या भाषेत, बोलायला लागला. आता तुझं काम संपलं, त्याच्या भाषेतला माणूस पाठव." मग डब्ल्यूव्हीडायल या डायल करून देणाऱ्या प्रोग्रामच्या फायलीत पोर्ट, एक्स३, नंबर, नाव, पासवर्ड लिहिलं आणि तो माणूस पाठवला. नेमकं त्याच वेळी वडिलांनी आतल्या खोलीतला पॅरलल फोन उचलला. "हॅलो? हॅलो? कोण शिट्ट्या मारतंय?" सीडी विझला. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा आयपी नंबर मिळाला, पण ब्राउझरमध्ये एक पान उघडेल तर शपथ. इथे मी एकटा असतो तर सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं असतं. तुम्ही अकाउंटबरोबर आलेलं माहितीपत्रक मागितलंत. त्यावर डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर सांगणाऱ्या सर्व्हरचे, दोन नंबर छापले होते. "यातल्या एकाला नंबरानेच पिंग कर." केलं. उत्तरं यायला लागली, एकेक ओळ, शांतपणे. "म्हणजे रस्ता आहे," तुम्ही म्हणालात, "फक्त गावांची नावं माहीत नाहीत." रिझॉल्व्ह-कॉन्फ नावाच्या फायलीत ते दोन नंबर लिहिले आणि पान उघडलं. रात्रीचे पावणेबारा झाले होते. काकू वरून दोनदा हाक मारून गेल्या होत्या.

आणि हो, एटीएम-झिरोचा विनोद! मोडेमचा आवाज बंद करायची आज्ञा एटीएम० आहे हे कळल्यावर तुम्ही इतके हसलात की खोकला आला. तुमच्या बँकेत तेव्हा एटीएम बसवायची चर्चा होती आणि तुम्ही म्हणालात, "आमच्या मॅनेजरला सांगतो, एटीएम झिरो केलं की सगळे गप्प बसतात."

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगायची राहिली. तुमच्या मोडेमवर लिनक्समधूनच इंटरनेट सुरू झाल्यावर रीस्टार्टची कटकट संपली, आणि मी त्या पत्र्याच्या मागे पुन्हा लागलो. त्याच्यावरची चिप ल्युसेंटची निघाली. ल्युसेंटच्या ड्रायव्हरचा गाभा बंद होता, पण कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या मुख्य भागाला, जोडायचा भाग उघडा, आणि जगभरातल्या हौशी मंडळींनी तो नव्यानव्या कर्नलवर चालता ठेवला होता. सीडीवरून कर्नलचं सोर्स टाकलं, २.४.७-१० या आकड्याशी आकडा जुळवला, ड्रायव्हर बांधला. मॉड्यूल चढवलं. टीटीवायएलटी० हे त्या कार्डाचं पोर्ट उगवलं. तेव्हा मी खिडकी उघडली नाही. मिनिकॉम उघडला, एटी टाइप केलं. ओके. धावत वर येऊन तुम्हाला मोडेम परत द्यायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "ठेव तुझ्याकडे. आतला रुसला तर लागेल."

तुमचे आभार तेव्हा मानले नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोराला वाटतं की वरच्या मजल्यावरचे काका वरच्या मजल्यावरच राहणार. आज ते मानतो, काका, मनापासून. मोडेमचे तर आहेतच, पण त्याहून जास्त त्या तीन तासांचे. त्या वेळात तुम्ही कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीत. लावला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं आणि काकूंना हाका माराव्या लागल्या नसत्या. त्यांचीही माफी मागतो.

परवा माळ्यावरून मोडेम काढला. धूळ पुसली, यूएसबी-टू-सीरियल केबलने लॅपटॉपला जोडला, अडॅप्टर तुमचाच, एसीचाच. एमआरचा, म्हणजे मोडेम तयार असल्याचा, दिवा लागला. एटी टाइप केलं आणि ओके आलं. एटीडीटी करून बघायचं होतं, पण घरात टेलिफोनची लाइनच नाही.

तुम्ही आता पंच्याहत्तरीच्या आसपास असाल. कुठे आहात तेवढं कळवा. रविवारी गाडी काढून मोडेम पोचवतो, केबलसकट. काकूंना नमस्कार.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा मोडेमवाला