आई-बाबा, आधी माझ्याकडून ऐका

मादी, कैरो
५ ऑक्टोबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं ठरवते, पण बाबा "जेवलीस का?" विचारतात, आई "ओवीला दे" म्हणते, आणि सांगायचं राहूनच जातं. तीन रविवार असेच गेले. म्हणून लिहितेय. दुपारच्या गोळ्या घेऊन झाल्या की निवांत वाचा. आई, तू मोठ्यानं वाच. बाबांना बारीक अक्षराचा त्रास नको.

या दिवाळीला मी येत नाहीये. तिकिटं परवाच रद्द केली. १२ डिसेंबरला येते, तीन आठवड्यांसाठी. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी इथल्या एका लहानशा सभागृहात मी नाचणार आहे आणि त्याच्या तालमी नेमक्या दिवाळीच्या आठवड्यात आहेत. इथे या नाचाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. आपल्याकडे त्याला बेली डान्स म्हणतात.

आई, हा शब्द वाचून तुझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला कळतंय. तरीही पत्र खाली ठेवू नकोस. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करणार, ते फिरत फिरत निशाकाकूंकडे पोचणार, आणि मग तुला मंदिरात कुणीतरी विचारणार. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं. "आठवड्यातून दोनदा व्यायामाला जाते" असं दोन वर्षं सांगत आले. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. त्याचं मला वाईट वाटतं.

सुरुवात झाली उम्म करीमकडे. त्याच खालच्या मजल्यावरच्या, ओवीच्या तापात रात्रभर बसलेल्या. उम्म करीम म्हणजे करीमची आई, इथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावानंच हाक मारतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी मेंदीची रात्र होती, आपल्या हळदीसारखी. दार लावलेलं, आत सगळ्या बायका. जेवणं झाली, कुणीतरी तबला घेतला (इथे दरबुक्याला, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या ढोलकीला, तबलाच म्हणतात) आणि साठीच्या उम्म करीम उठल्या. पायघोळ झगा. ओढणी कमरेखाली घट्ट बांधली आणि नाचायला लागल्या. आई, त्यांचे गुडघे तुझ्यासारखेच आहेत, जिना चढताना कठडा धरतात. पण त्या पाच मिनिटांत त्यांच्याकडून नजर हटत नव्हती. मला एकदम तू आठवलीस, आपल्या वाड्यातल्या मंगळागौरीत. पदर खोचून बसफुगडी घालणारी. पहाटे तीन वाजता सगळ्या पोरी दमल्या तरी तू झिम्म्याला उभी. एरवी आजीसमोर तुझा आवाज चढायचा नाही, त्या रात्री मात्र तुझं हसणं माडीवर ऐकू यायचं. मी खांबाआड बसून बघायचे. तुला माहीत होतं का ते?

पुढच्याच आठवड्यात मी क्लासला नाव घातलं.

आई, आता लिहिते ते तुझ्यावर राग म्हणून नाही. सातवी-आठवीपासून तू मला सांगायचीस, "पोट आत घे." फोटो काढताना, पाहुणे आले की, मुंजीच्या मांडवात शिरताना. लोकांनी मला काही बोलू नये म्हणून सांगायचीस, हे मला तेव्हाही कळायचं. माईआत्या काय बोलल्या होत्या तेही मी ऐकलं होतं. पण ते इतकं अंगात मुरलं की तीस वर्षं मी पोट आत ओढूनच उभी राहिले. झोपले तरच सुटायचं. ओवीच्या वेळचे टाके पडले तेव्हापासून तर आरशात खाली बघणंच सोडलं. २०१९ बद्दल लिहीत नाही, तुम्ही दोघांनी ते माझ्याबरोबर काढलंत.

पहिल्या दिवशी अब्लांनी, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंनी, मला नुसतं उभं केलं. पाय समांतर, गुडघे किंचित सैल, छाती उचललेली, नजर समोर. मग माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "सीबी बत्निक." पोटाला सोड. मला जमेना. खरंच जमेना, बाबा. स्नायूंना आता सोडायचं कसं तेच आठवत नव्हतं. त्या हात तसाच ठेवून थांबल्या. कधीतरी सुटलं, आणि मला रडू आलं. वर्गातल्या कुणाला त्याचं काही वाटलं नाही. एकीनं पाणी दिलं आणि तास पुढे सुरू झाला.

पोट आत ओढून हा नाच होतच नाही. श्वास वर अडकतो, कंबर लाकडासारखी होते. कंबर थरथरते ती जोरानं हलवून नव्हे. गुडघे आळीपाळीनं, बारीक आणि जलद वाकवायचे, वरचं सैल सोडायचं, मग ती थरथर आपोआप वर चढते. फक्त कंबर हलवायची आणि खांदे स्थिर ठेवायचे, हेच शिकायला मला सहा महिने लागले. शिवाय यात ठरलेली पावलं फारशी नसतात. बलदी प्रकारात आधी अॅकॉर्डियन एकटाच, ताल नसताना, आलापीसारखा वाजतो. मग तो एक सूर टाकतो, तबला उत्तर देतो, आणि त्या दोघांच्या मधे नाचणारीनं जे ऐकू येईल ते अंगानं म्हणायचं. पुढचं पाऊल कुणी सांगत नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून पाऊल टाकलं, तिच्यासाठी हे केवढं मोठं आहे ते मला नीट लिहिता येत नाहीये. एवढंच सांगते, मार्चमध्ये ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझं काम दुसऱ्याच्या नावावर मांडलं तेव्हा मी उभी राहून "हे मी केलंय" म्हणाले. आवाज कापला नाही. आधीची मी घरी येऊन रडले असते.

आणि बलदी म्हणजे काय माहीत आहे? गावरान. बाजारात ऐश बलदी म्हणजे गावरान रोटी, समना बलदी म्हणजे गावठी तूप. तसाच रक्स बलदी. बायका घराघरांत नाचतात तो.

बाबा, तुम्ही विचाराल की मग हे नाव कुठून आलं. पाश्चात्त्यांनी दिलं. फ्रेंच लोक 'पोटाचा नाच' म्हणायचे, आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 'कैरोची गल्ली' उभी केली होती, तिथल्या नाचांमुळे ते नाव अमेरिकेत गाजलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. तुमच्या टेबलावर ज्यांचा फोटो आहे ते! एकाच शहरात, एकाच वर्षी. नाचणाऱ्यांचं मात्र फक्त पोट लोकांच्या लक्षात राहिलं.

इथेही सगळं सरळ नाही, तुमच्यापासून लपवत नाही. १८३४ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता महंमद अली पाशानं नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हाकलून दक्षिणेकडे, इस्नासारख्या गावांत पाठवलं. आजही लग्नात नाचणारी हवी असते, पण आपल्या घरातली मुलगी तो धंदा करणारी नको. बाबा, हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. यमुनाबाई वाईकरांची लावणी रेडिओवर लागली की तुम्ही आवाज वाढवायचात. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही पेढे आणलेत. आणि नववीत मला गॅदरिंगला लावणी करायची होती तेव्हा तुम्ही पेपरमधून मान वर न काढता "नको" म्हणालात. आजीपुढे तुम्हाला दुसरं काही बोलता आलं नसतं, हे आता माझ्या लक्षात येतं. तेव्हाही तुम्ही दुसऱ्या दिवशी गुपचूप माझ्यासाठी घुंगरू आणलेत, ट्रंकेत अजून असतील. मी विसरलेले नाही.

इथल्या मोठ्या नर्तकींची नावं लोक आदरानं घेतात. बदिया मसाबनींनी १९२६ मध्ये कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढलं, एका बाईनं! तहिया कारियोका आणि सामिया गमाल त्यांच्याच तालमीत तयार झाल्या. सामियाचा एक जुना कृष्णधवल नाच मी डिसेंबरमध्ये तुम्हाला दाखवीन. हसते ती बघा, बाकीचं नंतर बघा.

आता कपड्यांचं. पहिला नाच पायघोळ झग्यातला, हात मनगटापर्यंत झाकलेले. एवढंच लिहून थांबणार होते, पण नको. दुसऱ्या नाचाला दोन भागांचा पोशाख आहे. पोटावर बारीक जाळी असते, तरी टाके दिसतील. अब्लांनी विचारलं, झाकायचे का? मी नको म्हणाले. आई, ते ओवीचे टाके आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मागच्या महिन्यात ओवी आरशासमोर उभी होती, माझ्या तोंडात "पोट आत..." आलं होतं. मी गिळलं. तेव्हाच ठरवलं की स्टेजवर जायचं.

पैशासाठी नाही नाचत, नोकरी सुरू आहे, रात्री उशिरा एकटी फिरत नाही, मेट्रोत बायकांचा डबा असतो. खाण्याचे हाल नाहीत. इथे अळकुड्यांना कुलकास म्हणतात, भरपूर मिळतात, आणि चिंचेच्या सरबताला तम्र हिंदी. आई, तुझी आमटी त्याच चिंचेची करते.

दिवाळीची काळजी करू नका. दादा-वहिनी पाडव्याला येतील, मी बोललेय. फराळाची ऑर्डर देऊन ठेवलीय, तू फक्त चिवडा कर, तोही खुर्चीवर बसून. चकल्यांच्या वाटेला जायचं नाही. आकाशकंदील लावायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, गॅरेजवाल्या पोराला सांगितलंय. साखर पुन्हा तपासा, तीन महिन्यांवालीच, आणि रिपोर्टचा पूर्ण फोटो पाठवा, नुसतं "ठीक आहे" चालणार नाही. बाथरूममधली ती निळी चटई काढून टाका, घसरते. मोतीबिंदूचं १५ डिसेंबरला, मी असताना. त्याआधी "चल करून टाकू" असं काही करायचं नाही.

तुम्ही रागावलात तर रागवा, पण रविवारी फोन उचला. मी वाट बघेन.

तुमची,
मनू

ता. क. आई, ऑफिसमधले एक गृहस्थ १२ नोव्हेंबरला पुण्याहून निघताहेत. मंगळागौरीला नेसायचीस त्या हिरव्या इरकलीचा पदर शाबूत आहे म्हणाली होतीस. जमलं तर तेवढा कापून दे, कमरेला बांधायला. मेतकूट नाही दिलंस तरी चालेल.