इंधन वाचवणाऱ्या उपकरणांचे मोजमाप कोण करणार?

संपादक महोदय,

इंधनाचे दर चढू लागले की गाडीचे ॲव्हरेज ‘हमखास २० ते ३० टक्के’ वाढवून देणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातींना उधाण येते. इंधनाच्या नळीला बाहेरून बांधायचे चुंबक, हवेच्या वाटेत बसवायची पंख्यासारखी पाती, पाण्यापासून हायड्रोजन करणारी बाटली, टाकीत टाकायच्या गोळ्या, डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडीतला बिघाड तपासायचे यंत्र जोडण्याच्या खाचेत) खोचायची डबी, असे त्यांचे अनेक प्रकार आहेत. मी स्वतः या मोहात पडलो आहे आणि ज्यांचे पोटच गाडीवर चालते अशा चालकांनाही यात पैसे घालताना पाहिले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी घेतली होती ती ओबीडी पोर्टमध्ये खोचायची डबी. ती गाडीच्या संगणकाकडून माहिती घेऊन चालकाची सवय ओळखते आणि त्यानुसार इंधनाचे प्रमाण ठरवते, असे वेष्टनावर छापले होते. पहिल्या दोन टाक्यांना फरक पडल्यासारखे वाटले, पुढे तो दिसेनासा झाला, तेव्हा मी स्क्रू काढून ती डबी उघडली. आत नखाएवढी एक चिप, दोन-चार रेझिस्टर आणि लुकलुकणारे तीन एलईडी होते. ओबीडी पोर्टला १६ पिना असतात. त्यांतील १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा असतो, ४ क्रमांकाची पिन अर्थिंगची असते आणि हल्लीच्या गाड्यांत संगणकाचे संदेश ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवरून जातात. माझ्या डबीत या शेवटच्या दोन पिनांपासून चिपपर्यंत काहीही जोडलेले नव्हते. म्हणजे तिला बॅटरीची वीज मिळत होती, पण गाडीच्या संगणकाशी तिचा संबंधच नव्हता.

मग पहिल्या दोन टाक्यांना फरक का वाटला, हा प्रश्न मला त्या डबीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण या उपकरणांची शिफारस करणारी बहुतेक माणसे खोटे बोलत नसतात; त्यांना तसे खरोखरच वाटलेले असते. टाकी फुल्ल करून ॲव्हरेज काढण्याची आपली रीत ढोबळ आहे. पंपाचे नोझल कधी जरा आधी बंद होते, कधी जरा नंतर. ३० लिटर भरताना दीड लिटरचा फरक पडला, तरी हिशेबात ५ टक्क्यांची चूक शिरते. तापमान १० अंशांनी वाढले की पेट्रोलचे आकारमान सुमारे १ टक्क्याने वाढते. छोट्या फेऱ्या, पाऊस, गर्दी, गाडीतले ओझे यांचा परिणाम वेगळाच. शिवाय माणूस असे उपकरण घेतो ते ॲव्हरेज नेमके घसरलेले असताना, आणि घसरलेले ॲव्हरेज पुष्कळदा काही न करताही पूर्वपदावर येते. उपकरण बसवून देणारा त्याच वेळी टायरमध्ये हवा भरतो, प्लग बदलतो, आणि त्याचे श्रेयही उपकरणाला जाते. सर्वांत मोठा बदल मात्र चालकाच्या पायात होतो. पैसे मोजलेले असल्याने आणि आकड्यावर लक्ष असल्याने तो काही दिवस ॲक्सिलरेटर हलका दाबतो. माझ्या बाबतीत हेच झाले असावे असे मला मनापासून वाटते.

आता इंजिनाकडे पाहू. ‘पेट्रोल अर्धवट जळते आणि आमचे उपकरण ते पूर्ण जाळते’ हा या जाहिरातींचा मुख्य दावा असतो. आजच्या धडधाकट इंजिनात न जळता बाहेर पडणारे इंधन १-२ टक्क्यांच्या आसपास असते. ते सगळे जाळले तरी बचत तेवढीच होईल, ३० टक्के कुठून येणार? इंधनातली ऊर्जा वाया जाते हे खरे आहे, पण ती जळण्याच्या आधी नव्हे, जळल्यानंतर. साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून आणि जवळपास तेवढीच रेडिएटरमधून निघून जाते. नळीला चुंबक बांधून ती परत मिळत नाही, आणि पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा परिणाम नगण्य असतो. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या संदेशावरून गाडीचा संगणक वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण सतत राखत असतो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या, जुन्या गाड्यांत मिश्रण फार दाट असेल तर जादा हवा सोडून थोडा फायदा होत असे. आज तीच हवा सोडली, तर संगणक तेवढे पेट्रोल वाढवून मिश्रण पुन्हा जागेवर आणतो.

पाण्याच्या बाटलीची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती विज्ञानाची भाषा बोलते. पाण्याचे विघटन करायला वीज लागते, वीज ऑल्टरनेटर देतो, ऑल्टरनेटरला इंजिन फिरवते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. प्रत्येक टप्प्यावर गळती होते. त्यासाठी जेवढी ऊर्जा पेट्रोलमधून काढली, तिचा जेमतेम दहावा हिस्सा वायूच्या रूपाने इंजिनाला परत मिळतो. काही विक्रेते याच्या जोडीला ऑक्सिजन सेन्सरचा संदेश बदलणारे सर्किटही देतात. त्याने मिश्रण विरळ होते, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू वाढतात आणि इंजिनाचे नुकसान होऊ शकते. म्हणजे येथे प्रश्न केवळ फुकट गेलेल्या पैशांचा राहत नाही.

या उपकरणांची तपासणी कुणी केलीच नाही, असेही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९७०च्या दशकापासून अशी १०० हून अधिक उपकरणे तपासली किंवा त्यांचे मूल्यमापन केले. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे त्यांत एकही निघाले नाही. काहींनी तर धुरातले प्रदूषण वाढवले. जाहिरातीत पेटंटचा क्रमांक दिलेला असतो, पण पेटंट मिळाले म्हणून इंधन वाचते असे सिद्ध होत नाही. १९३० च्या दशकात चार्ल्स नेल्सन पोग या कॅनेडियन संशोधकाने गॅलनला २०० मैलांचा गाजावाजा झालेल्या कार्ब्युरेटरची पेटंट मिळवली होती. तो दावा कधीच सिद्ध झाला नाही.

चालकाच्या हातात काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, जोरात वेग घेणे आणि करकचून ब्रेक मारणे यामुळे ॲव्हरेज महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के घटू शकते. जाहिरातीतली बचत खरोखर दडलेली आहे ती येथे. टायरमधली हवा आणि टपावरचे रिकामे कॅरियर यांचाही वाटा आहे. एअर फिल्टरबद्दल मात्र माझी समजूत चुकीची होती: अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील अभ्यासात असे आढळले की फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत तो चोंदला तरी ॲव्हरेज घटत नाही, पिकअप तेवढा कमी होतो. वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्टही मोजून पाहिल्यावर अशी बदलू शकते.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे की, अशा उपकरणाची जाहिरात किंवा त्याची स्तुती करणारा मजकूर छापण्याआधी विक्रेत्याकडून ग्राहकांची प्रशस्तिपत्रे नव्हे, तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. त्यात तीच गाडी, तोच मार्ग आणि तेच ओझे ठेवून उपकरणासह आणि उपकरणाविना आळीपाळीने केलेल्या अनेक चाचण्या असाव्यात. इंधन वजन करून मोजलेले असावे, आणि उपकरण चालू आहे की बंद, हे चालकाला ठाऊक नसावे. विक्रेत्याने असा अहवाल दिला, तर तो आकड्यांसह अवश्य छापावा. मी तो सर्वांत आधी वाचेन आणि माझे मत चुकीचे ठरले तर तसे आपल्याला लेखी कळवीन.

आपला नम्र,
एक वाहनधारक वाचक