‘किती वेळा दाबलंत?’ : बॉयलरवाल्या दादांना पत्र

दादा, नमस्कार.

त्या रात्री मी ‘थँक्यू’ म्हणेपर्यंत तुम्ही ‘झोपा आता’ म्हणून फोन ठेवून मोकळे झालात. दुसऱ्या दिवशी मेसेज केला, तो तुम्ही पाहिलात, उत्तर नाही. तुमची बहीण म्हणाली, ‘नाद सोड, तो माणसांपेक्षा बॉयलरशी जास्त बोलतो.’ म्हणून हे उघड पत्र. तुम्ही वाचाल न वाचाल. पण ऐन थंडीत, मध्यरात्री, कुणाच्या तरी घरचं हीटिंग असंच बंद पडणार आहे. त्या माणसाकडे तुमचा नंबर नसणार. त्याला निदान हे मिळावं.

तुम्हाला आवाजच ऐकू येत होता, म्हणून इथलं दृश्य सांगते. सव्वाअकरा वाजलेले. बाहेर पारा शून्याच्या खाली आठ-नऊ अंश. खोल्या तापवणारे भिंतीवरचे रेडिएटर आधी कोमट, मग गार. बाबा दोन स्वेटर आणि शाल घालून खुर्चीत, लेक रजईतून ‘आई, माझं नाक गार झालंय’ असं सांगतेय, आणि मी कपाटाएवढ्या त्या पांढऱ्या डब्यासमोर, म्हणजे रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरसमोर, उभी. त्याच्या पडद्यावर बिघाडाचा लाल आकडा लुकलुकतोय. मी सगळे करतात तेच केलं. रीसेट दाबलं. पंखा घुंऽऽ करत फिरला, आत टक-टक-टक झालं, एक क्षण शांतता, मग ‘खट्’. पुन्हा तोच आकडा. पुन्हा दाबलं.

तुम्हाला फोन लावला तेव्हा वाटलं, मॉडेल कोणतं, किती वर्षांचं, आकडा काय, असं विचाराल. तुम्ही विचारलंत, ‘किती वेळा दाबलंत?’

‘तीनदा,’ मी म्हणाले.

‘बरं. आता बटणापासून हात बाजूला. वास येतोय का कसला?’

नव्हता येत. पण ‘येतोय’ म्हटलं असतं तर संभाषण तिथेच संपलं असतं, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. दिव्याचं एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, काडी ओढायची नाही, जाता जाता जमलं तर खिडक्या उघडायच्या आणि गॅसच्या मीटरजवळचा कॉक बंद करायचा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि गॅसच्या आणीबाणीच्या नंबरला फोन बाहेरूनच करायचा. घरातून नाही. फोन ‘बाहेरूनच’ करायचा, हे मला खरंच माहीत नव्हतं.

वासाबद्दल मी नंतर वाचलं. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतोच. तो कुजक्या अंड्यांसारखा दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत, हीटिंगसाठी जोडलेल्या गॅसची गळती इमारतीखालच्या पोकळीत साचत राहिली. कुणाला वासच आला नाही. स्फोटात जवळजवळ ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं. गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे त्यानंतरचे.

तुमचा पुढचा प्रश्न ऐकून मी जरा बावचळले. ‘घरात कुणाचं डोकं दुखतंय? मळमळ? गरगरतंय?’ मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, ‘डोकं तुझ्यामुळे दुखतंय.’ म्हणजे ठीक होतं. मग तुम्ही कार्बन मोनॉक्साइडच्या (जळण अर्धवट झालं की तयार होणाऱ्या विषारी वायूच्या) अलार्मकडे पाठवलंत. मी त्याचं टेस्ट बटण दाबलं, तो कर्कश ओरडला, मी खूश. तुम्ही म्हणालात, ‘त्यावरून भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच कळतं. मागे तारीख बघा.’ मागे बारीक अक्षरात तारीख होती, आणि ती उलटून दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं आम्ही भिंतीवर एक प्लॅस्टिकची डबी लावून निर्धास्त झोपत होतो! आतला सेन्सर ठरावीक वर्षांनी निकामी होतो, हे त्या डबीवरच छापलेलं असतं. आपण ती भिंतीवर लावतो आणि ते अक्षर भिंतीकडे जातं. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला माझा नमस्कार.

तेवढ्यात बाबांनी आपला उपाय काढला. स्वयंपाकघरात गॅसच्या चारही शेगड्या पेटवू, दार लावून घेऊ, तासाभरात खोली उबदार. तुम्ही ते फोनवर ऐकलंत आणि त्या रात्री एकदाच तुमचा आवाज चढला. बंद खोलीत ज्योत जळत राहिली की हवा अपुरी पडते, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस धाप न लागताच गुंगीत जातो. ‘कोळशाची शेगडी तर घरात आणूच नका,’ तुम्ही म्हणालात. ‘सगळे एका खोलीत बसा, दार लावा, विजेचा हीटर असेल तर थेट भिंतीतल्या प्लगला लावा, एक्स्टेन्शनला नाही.’ बाबांनी निमूटपणे शाल सारखी केली. माझं त्यांनी तीस वर्षांत इतक्या लवकर ऐकलेलं नाही.

आणि मग त्या बटणाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मला आजन्म लक्षात राहील. बॉयलर पेटताना आधी पंखा फिरून आतली जुनी हवा बाहेर काढतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते, ते टक-टक. ज्योत पेटली की नाही हे बघायला आत एक इलेक्ट्रोड असतो. ज्योतीतून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाह वाहतो, तो त्याला जाणवला तर ठीक. नाही जाणवला तर काही सेकंदांतच व्हॉल्व्ह बंद. असे काही प्रयत्न फसले की बॉयलर स्वतःला कुलूप लावून घेतो. मी ज्याला ‘बंद पडलाय’ म्हणत होते तो खरं म्हणजे दाराला कडी घालून आत बसला होता, आणि मी बाहेरून कडी काढत होते. प्रत्येक रीसेटला पुन्हा थोडा गॅस, पुन्हा ठिणगी, आणि मूळ कारण जिथल्या तिथे.

तुमच्या त्या तेलाच्या बॉयलरवाल्या गिऱ्हाइकाची गोष्ट बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. त्याने दहा-बारा वेळा बटण दाबलं, दर खेपेला आत तेलाचा फवारा उडून साचत गेला, आणि अखेर पेटला तेव्हा सगळं एकदम पेटलं. धुराड्याच्या पाइपचा सांधा निखळला आणि घरभर काजळी. बाबांच्या आवृत्तीत आता खिडक्यांच्या काचाही फुटतात. त्या तुम्ही सांगितल्या नव्हत्या.

मग तपासणी. ती भराभर झाली. थर्मोस्टॅटला, म्हणजे खोली किती तापवायची ते ठरवणाऱ्या डबीला, जीव आहे, सेल ठीक. बॉयलरला वीज आहे. गॅस येतोय, कारण स्वयंपाकघरातली शेगडी पेटते (पेटवून लगेच बंद करायला लावलीत). आतल्या पाण्याच्या प्रेशरचा काटा १.२ बारवर. थंड असताना १ ते १.५ च्या मध्ये असला की पुरे, फार खाली असता तर आधी पाणी भरावं लागलं असतं. समोरचं झाकण उघडू का, असं मी उत्साहाने विचारलं. ‘अजिबात नाही. पुष्कळ बॉयलरमध्ये ते झाकणच धूर आत कोंडून धरतं. ते उघडायला परवाना लागतो, स्क्रू ड्रायव्हर असून चालत नाही.’

त्यानंतर तुम्ही म्हणालात, ‘फोन बॉयलरजवळ धरा आणि आवाज कसला येत होता ते सांगा.’ मी म्हणाले, बंद पडायच्या आधी हुक्का ओढल्यासारखं गुडगुड करत होता. तुम्ही हसलात. पहिल्यांदाच. ‘बाहेर भिंतीवर पांढरा प्लॅस्टिकचा पाइप आहे का, बारकासा?’

आमचा बॉयलर कंडेन्सिंग जातीचा. म्हणजे काय, ते त्या रात्री कळलं. जळताना तयार होणारी वाफ साधा बॉयलर धुराबरोबर सोडून देतो. हा धूर साधारण ५५ अंशांच्या खाली आणून ती वाफ पाण्यात उतरवतो आणि तिची उष्णता वसूल करतो. काटकसरी गडी. पण उतरलेलं पाणी कुठे तरी जायला हवं. जोरात चालू असताना तासाला लिटर-दोन लिटर, किंचित आंबट पाणी त्या बारक्या पाइपने बाहेर पडतं. बाहेर सगळं गोठलेलं असताना तेही गोठतं, पाइपला बूच बसतं, पाणी उलटं बॉयलरमध्ये चढतं, गुडगुड होते आणि ज्योत टिकत नाही. म्हणजे कडाक्याच्या थंडीत जेव्हा तो सर्वांत जास्त लागतो, नेमका तेव्हाच दगा देतो. ही रचना करणारा माणूस उबदार घरात बसला असावा.

तुम्ही विचारलंत, पाइप जमिनीवर उभं राहून हाताला लागतो का, शिडी लागेल का? शिडी लागत असती तर तुम्ही मला जाऊच दिलं नसतं. लागत नव्हती. मग पाणी. मी किटली उकळायला ठेवणार तोच तुम्ही थांबवलंत. उकळतं पाणी गोठलेल्या प्लॅस्टिकवर पडलं तर पाइप तडकतो, आणि हातावर पडलं तर हात. अंघोळीच्या पाण्याइतकं गरम, बास. कान असलेला जग. फोन खिशात, स्पीकर चालू.

ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. टॉर्च तोंडात धरलेली, त्यामुळे तुम्ही काही विचारलं की मी ‘अंऽ’ एवढंच. पाइप जिथे भिंतीतून बाहेर येऊन खाली वळतो त्या कोपरावर तुम्ही पहिला जग ओतायला लावलात, मग हळूहळू खाली, टोकापर्यंत. बोटांनी चाचपलं तर वरचा भाग आवाजाला पोकळ आणि खालचा हातभर भरीव, बर्फाचा. दुसरा जग. तिसऱ्या जगाच्या वेळी आत लेकीच्या पेन्सिलएवढी बर्फाची कांडी सर्रकन सुटली आणि माझ्या बुटावर येऊन पडली. पाठोपाठ पाण्याची धार. मी टॉर्च तोंडातून काढून ओरडले, शेजारच्या खिडकीत दिवा लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आता खाली सांडलेल्या पाण्यावर मीठ नाहीतर वाळू टाका, नाहीतर सकाळी त्यावर घसराल आणि मला दुसरा फोन कराल.’

आत आले तर तुम्ही बटण दाबू देईनात. बॉयलर मुख्य स्विचपासून बंद करून पंधरा मिनिटं थांबायला लावलंत. मला वाटलं, एवढं कशाला. पण ‘थांबा’ म्हणजे थांबा. तुम्ही लेकीचं नाव विचारलंत, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केलीत, मधेच तुमच्याकडे कुणीतरी दार वाजवलं. मग: ‘थर्मोस्टॅट वर करा. स्विच चालू करा. आता रीसेट. एकदाच. नाही पेटला तर आज रात्री परत हात लावायचा नाही, सकाळी परवानाधारक माणूस बोलवायचा.’

पंखा. टक-टक. आणि त्या टक-टकीच्या पोटातून एक मऊसा ‘भप्’. बॉयलरच्या बारक्या खिडकीतून निळं काहीतरी थरथरलं. पडद्यावर आता तापमानाचा आकडा: १६, १९, २४. तुम्ही फोनवर गप्प, मी गप्प. ३१ ला पहिल्या रेडिएटरने ताणल्यासारखं ‘टिक्’ केलं आणि खुर्चीतून बाबा म्हणाले, ‘आला बघ.’ पाहुणा आल्यासारखं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन दिवसांनी माणूस बोलावून पाहणी करून घेतली. त्याने बाहेरचा बारका पाइप काढून जाड घातला, उतार नीट दिला, वरून फोमची नळी चढवली. बॉयलर आतून ठीक निघाला. अलार्म नवा आणला. त्याची तारीख मी मार्करने मोठ्या अक्षरात पुढच्या बाजूला लिहिली आहे, दिसायला वाईट दिसते, दिसू दे. कान असलेला तो जग आता मागच्या दाराला खिळ्यावर टांगलेला असतो. लेक त्याला ‘दादामामांचा जग’ म्हणते.

एक सांगायचं राहिलंय, आणि ते फोनवर सांगायचा धीर झाला नसता. मी तुम्हाला ‘तीनदा’ म्हणाले होते. खरं म्हणजे सातदा दाबलं होतं, आठव्या वेळेला बोट बटणावर होतं तेव्हाच तुम्ही फोन उचललात. नंतर त्या पंधरा मिनिटांचा विचार करताना वाटलं, तुम्ही माझ्या ‘तीनदा’वर एक क्षणभरच थांबून ‘बरं’ म्हणाला होतात. तो क्षणभर मला आता नीट ऐकू येतो.

तुमच्या बहिणीची मैत्रीण